धुराला मनाई असलेलं गाव

एजबॅस्टन हे नाव मराठी घरांत रेडिओवरच्या धावत्या वर्णनातून शिरलं. बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघे फिरकी गोलंदाज एकाच कसोटीत खेळले ते १९६७ साली इथं, आणि पुन्हा कधीच तसे एकत्र खेळले नाहीत. १९७४ मध्ये अजित वाडेकरांची शेवटची कसोटी इथंच झाली. त्याच सामन्यात पदार्पण करणाऱ्या मुंबईच्या सुधीर नाईकांनी दुसऱ्या डावात ७७ धावा काढल्या. १९९६ मध्ये भारताचा दुसरा डाव २१९ धावांत आटोपला, त्यातल्या १२२ एकट्या सचिनच्या. इथं कसोटी जिंकायला मात्र भारताला २०२५ च्या जुलैपर्यंत थांबावं लागलं. त्या सामन्यात शुभमन गिलनं २६९ आणि १६१ धावा केल्या.

सामना पाहताना कॅमेरा कधी मैदानावरून वर उचलला जातो, तेव्हा स्टँडच्या पलीकडे झाडीच झाडी दिसते. आपण बर्मिंगहॅममध्ये आहोत, ज्या शहरानं जगाला बंदुका, बटणं, बकलं, खिळे, पेनच्या निबा आणि वाफेची इंजिनं पुरवली त्या शहरात, हे त्या दृश्यावरून ओळखताच येत नाही. शहराच्या मध्यापासून दीड-दोन मैलांवर इतकी झाडी कशी काय टिकली? मला या प्रश्नाचं उत्तर निसर्गात सापडलं नाही, जमिनीच्या कागदपत्रांत सापडलं. एजबॅस्टन या जुन्या मॅनरचं उपनगर झालं, आणि ते कसं व्हावं हे जवळजवळ दोनशे वर्षं एकाच घराण्यानं ठरवलं.

मॅनर म्हणजे नुसता जमीनदाराचा वाडा नव्हे. वाडा, त्याच्या शेजारचं चर्च, खाजगी शेती, रयतेची शेती, रान, गिरणी, आणि गावातले तंटे सोडवणारं न्यायालय असं सगळं मिळून मॅनर होई. आपल्याकडच्या जहागिरीशी त्याचं बरंच साम्य आहे: राजा सरदाराला देई, सरदार आपल्या माणसाला देई, आणि खालचा माणूस वरच्याची चाकरी करी. विल्यम राजानं १०८६ साली इंग्लंडभरच्या जमिनींची मोजदाद करून घेतली. त्या ‘डूम्सडे’ वहीत एजबॅस्टन सापडतं. डडलीच्या किल्ल्यात राहणाऱ्या विल्यम फिट्झ-अन्स्कल्फ या नॉर्मन सरदाराच्या ताब्यात तो मॅनर होता आणि त्याच्या वतीनं ड्रोगो नावाचा माणूस तो सांभाळत होता. शेजारचं बर्मिंगहॅमही याच सरदाराचं. तिथं अवघी नऊ कुटुंबं होती आणि सगळ्या गावाची किंमत २० शिलिंग लावली होती. म्हणजे त्या काळी दोन्ही गावं एकाच मालकाची आणि सारखीच क्षुल्लक.

दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्या ११६६ मध्ये. बर्मिंगहॅमच्या पीटर नावाच्या जमीनदारानं राजाकडून बाजार भरवण्याची सनद मिळवली. बाजाराबरोबर कारागीर आले, लोहार आले, कातडं कमावणारे आले. एजबॅस्टनला बाजार नव्हता, म्हणून ते शेतीचं गाव राहिलं. पुढच्या पाचशे वर्षांत तिथं सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही. मॅनर लग्नसंबंधातून मिडलमोर घराण्याकडे गेला आणि त्यांच्या पिढ्या तिथं नांदल्या.

ही शांतता मोडली सतराव्या शतकात. मिडलमोर कॅथलिक आणि राजाचे पक्षपाती, तर बर्मिंगहॅम कट्टर प्रॉटेस्टंट आणि पार्लमेंटच्या बाजूचं. यादवी युद्धात जॉन फॉक्स नावाच्या पार्लमेंटच्या कर्नलनं एजबॅस्टनचा वाडा ताब्यात घेऊन तिथं छावणी केली. विरोधक त्याला ‘टिंकर’, म्हणजे कल्हईवाला म्हणून हिणवत. वाड्याच्या तटबंदीसाठी शेजारच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चची लाकडं आणि छपराचं शिसं काढून नेलं. पुढे १६८८ मध्ये कॅथलिक राजा जेम्स दुसरा याला पदच्युत करण्याची धामधूम चालू असताना, हा वाडा कॅथलिकांचा आसरा होईल या भीतीनं बर्मिंगहॅमच्या जमावानं तो जाळून टाकला.

जळका वाडा आणि भोवतालची सगळी जमीन १७१७ मध्ये सर रिचर्ड गॉफ यांनी विकत घेतली. हे गॉफ व्यापारी होते आणि त्यांचा पैसा हिंदुस्थान आणि चीनच्या व्यापारात जमलेला होता. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. इंग्लंडच्या ग्रामीण भागातले कितीतरी देखणे वाडे पूर्वेकडच्या मालावर उभे राहिले, आणि एजबॅस्टनचा नवा वाडा त्यांतलाच एक. गॉफ यांनी वाडा पुन्हा बांधला, चर्चची डागडुजी केली. त्यांच्या मुलाचं लग्न कॅल्थॉर्प घराण्यातल्या बार्बराशी झालं, आणि मामाची इस्टेट वारसाहक्कानं मिळाल्यावर नातवानं कॅल्थॉर्प हे आडनावही घेतलं. १७९६ मध्ये तो लॉर्ड कॅल्थॉर्प झाला. या घराण्याला हॅम्पशरमधलं एल्व्हेथमही मिळालं. लॉर्ड होण्याच्या आधीच त्यांनी एजबॅस्टनमधलं बिऱ्हाड हलवलं होतं. मालक लांब राहायला गेले, जमीन मात्र त्यांनी सोडली नाही.

रिकामा झालेला वाडा १७८६ मध्ये डॉ. विल्यम विदरिंग यांनी भाड्यानं घेतला. हृदयविकारावरच्या औषधांच्या इतिहासात या माणसाचं नाव कायमचं आहे. अंगावर पाणी चढलेल्या रोग्यांना एक गावठी काढा गुण देतो असं त्यांच्या कानी आलं. त्यातल्या अनेक वनस्पतींमधून काम करणारी कोणती, तर फॉक्सग्लव्ह, हे त्यांनी ओळखलं. मग वर्षानुवर्षं रोग्यांच्या नोंदी ठेवून, मात्रा किती द्यायची आणि कुठं थांबायचं हे ठरवलं आणि १७८५ मध्ये ते सगळं पुस्तकरूपानं छापलं. ज्या रोग्यांना औषध लागू पडलं नाही त्यांच्या नोंदीही त्यात आहेत, आणि त्यामुळेच ते पुस्तक विज्ञानाचं ठरतं. डिजिटॅलिस हे औषध तिथून सुरू होतं. जेम्स वॉट, मॅथ्यू बोल्टन, जोसेफ प्रीस्टली यांच्यासह विदरिंग ‘ल्यूनर सोसायटी’चे सदस्य होते. पौर्णिमेच्या आसपास ही मंडळी जमत, म्हणजे रात्री चांदण्यात घरी परतता येई. १७९१ मध्ये प्रीस्टली आणि त्यांच्या विचारांच्या लोकांची घरं जाळणारा जमाव एजबॅस्टनच्या वाड्यावरही चालून आला, पण तोवर लष्कर येऊन पोहोचलं आणि वाडा वाचला. विदरिंग १७९९ मध्ये गेले. त्यांच्या स्मृतिशिळेवर, सेंट बार्थोलोम्यू चर्चमध्ये, फॉक्सग्लव्हचं फूल कोरलेलं आहे.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी बर्मिंगहॅम फुगू लागलं. १८०१ मध्ये लोकसंख्या सुमारे ७० हजार होती, १८५१ मध्ये ती सव्वादोन लाखांच्या पुढे गेली. शहराला लागून ज्यांच्या जमिनी होत्या ते सगळे जमीनदार प्लॉट पाडून पट्ट्यानं देऊ लागले. कोलमोर घराण्यानं शहराच्या वायव्येला असंच केलं. सेंट पॉल्स स्क्वेअरभोवती दिमाखदार घरं बांधली गेली. पण पट्ट्यांच्या अटी सैल होत्या. काही वर्षांतच परसबागेत भट्टी आली, मग माडीवर कारखाना, मग सगळा मोहल्लाच सोनार-जवाहिऱ्यांच्या कारखान्यांचा झाला. आज तोच भाग ‘ज्वेलरी क्वार्टर’ म्हणून मिरवतो आणि त्याचा स्वतःचा मोठा इतिहास आहे. पण ज्या श्रीमंतांसाठी तो बांधला होता ते तिथून केव्हाच निघून गेले.

कॅल्थॉर्पांनी नेमकं उलटं केलं. त्यांनी जमीन विकली नाही, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. पट्टा घेणाऱ्यानं स्वतःच्या खर्चानं घर बांधायचं, दरवर्षी जमिनीचं भाडं भरायचं आणि मुदत संपली की जमीन घरासकट इस्टेटीकडे परत. घर अमुक किमतीपेक्षा स्वस्त असता कामा नये. आवारात कारखाना नको, भट्टी नको, दुकान नको, दारूचा गुत्ता नको. या अटी कागदावर लिहून ठेवल्या तशा इस्टेटीच्या मुनिमांनी पाळूनही घेतल्या, आणि सगळा फरक तिथंच पडला. तिसरे लॉर्ड कॅल्थॉर्प, जॉर्ज, यांच्या काळात, १८०७ ते १८५१ मध्ये, या धोरणाला खरा आकार आला. त्यांना पैशाची घाई नव्हती. भाव येईपर्यंत प्लॉट रिकामा ठेवायची ताकद त्यांच्यात होती.

अटी केवळ घरांपुरत्या नव्हत्या. १७९१ मध्ये वूस्टर-बर्मिंगहॅम कालव्याचा कायदा पार्लमेंटमध्ये मंजूर झाला, तो कालवा कॅल्थॉर्पांच्या जमिनीतून जाणार होता. घराण्यानं वाट दिली, पण त्यांच्या हद्दीत कालव्याच्या काठी गोदाम, धक्का, कारखाना काहीही उभारायचं नाही ही अट कायद्यातच घालून घेतली. कालवा म्हणजे त्या काळची मालगाडी. इंग्लंडमध्ये जिथं कालवा गेला तिथं काठाला कोळसा, वखारी आणि धुराडी आली. एजबॅस्टनमध्ये मात्र तो झाडांच्या बोगद्यातून जावा तसा जातो. आज काठच्या पाऊलवाटेनं शहराकडून विद्यापीठाकडे चालत गेलं की एकदम शहर संपतं, आणि ते संपतं कारण १७९१ च्या कायद्यातली ती अट.

हवेनंही साथ दिली. एजबॅस्टन शहराच्या नैर्ऋत्येला आहे आणि इंग्लंडमध्ये वारा बहुतेक नैर्ऋत्येकडून वाहतो. कारखान्यांचा धूर त्यामुळे पलीकडे, ईशान्येकडच्या गरीब वस्त्यांवर जाई. कारखान्याचा मालक धुरापासून वाचे, त्याचे कामगार धुरात राहत.

हे कामगार कसे राहत ते बघायचं तर इंज स्ट्रीट आणि हर्स्ट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर जावं. तिथली ‘बॅक-टू-बॅक’ घरं नॅशनल ट्रस्टनं जतन केली आहेत: दोन घरांची मागची भिंत एकच, त्यामुळे मागे खिडकी नाही, प्रत्येक मजल्यावर एकच खोली, आणि अकरा घरांमध्ये मिळून एक अंगण, त्यातच धुणं आणि संडास. अशी हजारो घरं बर्मिंगहॅममध्ये होती. तिथून एजबॅस्टनची सुरुवात पायी अर्ध्या तासाचीही नाही. एजबॅस्टनचं कौतुक करताना हे अंगण नजरेआड करून चालणार नाही. कारखान्यांना इथं मनाई होती म्हणून कारखाने कमी झाले नाहीत, ते दुसऱ्यांच्या दारात गेले.

पण कामगारांचा एजबॅस्टनशी अगदीच संबंध नव्हता असंही नाही. इस्टेटीनं रिकाम्या ठेवलेल्या प्लॉटवर ‘गिनी गार्डन’ होत्या. वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, भरून शहरातला दुकानदार किंवा बरा कमावणारा कारागीर एक चिमुकली बाग भाड्यानं घेई. तिच्यात भाजी, फुलं, एखादी विटांची झोपडी. रविवारी सगळं कुटुंब तिथं जाई. घरं वाढली तशा या बागा गेल्या, पण वेस्टबोर्न रोडवरचा एक तुकडा अजून तगून आहे आणि लोक तिथं अजूनही वाफे करतात. त्याला लागूनच बोटॅनिकल गार्डन आहे. ती कॅल्थॉर्पांकडून भाड्यानं घेतलेल्या जमिनीवर, जॉन क्लॉडियस लाउडन यांच्या आराखड्यानुसार तयार झाली आणि १८३२ मध्ये उघडली. लाउडनना प्रचंड गोल काचघर हवं होतं. समितीकडे तेवढे पैसे नव्हते, ते झालं नाही, आणि लाउडन फार संतापले. बाग वर्गणीदारांची होती, पण १८४० च्या दशकापासून सोमवारी एका पेनीत कामगारांना प्रवेश मिळू लागला. सोमवारच का, तर बर्मिंगहॅमच्या कारागिरांचा तो हक्काचा सुट्टीचा दिवस. शनिवारी मजुरी मिळाली की सोमवारी कामाला दांडी, याला ते ‘सेंट मंडे’ म्हणत, जणू सोमवार नावाच्या संताचाच सण. एका पेनीवर ते लोक ताडाची झाडं बघायला गर्दी करत. मला एजबॅस्टनच्या सगळ्या इतिहासात हे सोमवार सर्वात जवळचे वाटतात.

बंगल्यांत राहणारे कोण होते? सरदार-दरकदार नव्हेत. स्क्रू बनवणारे, निबा बनवणारे, बँकवाले, वकील, डॉक्टर. त्यांच्यात क्वेकर आणि युनिटेरियन पंथाचे लोक बरेच: चेंबरलेन, केनरिक, मार्टिनो, नेटलफोल्ड. कॅडबरी कुटुंबही कॅल्थॉर्प रोडवर राहत होतं. रस्त्यांना नावं मिळाली ती घराण्याच्या माणसांची आणि दूरच्या गावांची, जॉर्ज, फ्रेडरिक, ॲम्प्टन, एल्व्हेथम. सफोक आणि हॅम्पशरमधली खेडी अशी बर्मिंगहॅमच्या पाट्यांवर आली. या घरांमधून शहर चालवलं जाई. जोसेफ चेंबरलेन १८७३ ते १८७६ महापौर होते. त्यांनी गॅस आणि पाणी नगरपालिकेच्या ताब्यात आणलं आणि मधल्या गलिच्छ वस्त्या पाडून रुंद रस्ता काढला. त्यांचे पुत्र आणि पुढे पंतप्रधान झालेले नेव्हिल यांचा जन्म १८६९ चा, एजबॅस्टनमधलाच. जॉन नेटलफोल्ड यांनी १९०३ मध्ये इथं ‘विंटरबोर्न’ हा आपला सुंदर बंगला आणि बाग उभारली. हाच माणूस पुढे जवळच्या हार्बोर्नमध्ये मध्यमवर्गीय आणि कामगार कुटुंबांसाठी बागांची वसाहत वसवण्यात पुढे होता. हिरवाईत राहणाऱ्या काही लोकांना ती इतरांनाही मिळावी असं वाटलं. सगळ्यांना वाटलं नाही, पण ज्यांना वाटलं त्यांनी काम केलं.

फुरसत आणि मोठं हिरवं अंगण असलं की खेळ जन्माला येतात. ॲम्प्टन रोडवर ‘फेअरलाइट’ नावाच्या घरात ऑगुरिओ पेरेरा हे स्पेनमध्ये जन्मलेले व्यापारी राहत. त्यांचे मित्र हॅरी जेम हे वकील. १८६० च्या आसपास या दोघांनी क्रोकेच्या हिरवळीवर रबरी चेंडू आणि रॅकेट घेऊन एक नवा खेळ सुरू केला. लॉन टेनिसचा हा पहिला ज्ञात डाव. पुढे ते दोघे लेमिंग्टनला गेले आणि तिथं १८७२ मध्ये त्यांनी क्लब काढला. टेनिसचं श्रेय वेगळ्याच माणसाला, मेजर विंगफील्डला, बरीच वर्षं मिळत राहिलं, कारण त्यानं १८७४ मध्ये पेटंट घेतलं.

क्रिकेटचं मैदान मात्र इस्टेटीच्या हिशेबातून आलं. वॉरिकशर क्लबला १८८५ मध्ये रिया नदीकाठची साधी चराऊ जमीन भाड्यानं मिळाली. नदीलगतच्या सखल जमिनीवर बंगले बांधायला कोण येणार? मैदान झालं तर तो कोपरा मोकळा राहणार आणि शेजारच्या प्लॉटांची शान वाढणार. १८८६ मध्ये मैदान सुरू झालं. १९०२ मध्ये पहिली कसोटी झाली आणि त्यात विल्फ्रेड ऱ्होड्सनं १७ धावांत ७ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ३६ धावांत गुंडाळलं. ब्रायन लाराच्या नाबाद ५०१ धावाही याच मैदानावरच्या, १९९४ मधल्या.

पहिल्या कसोटीच्या सुमारास इस्टेटीनं आणखी एक मोठी जमीन दिली. चेंबरलेन यांच्या पुढाकारानं १९०० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठ स्थापन झालं, त्यासाठी लॉर्ड कॅल्थॉर्प यांनी २५ एकर दिले. लाल विटांच्या त्या आवारातला सुमारे शंभर मीटर उंच घड्याळाचा मनोरा दूरवरून दिसतो. १९४० मध्ये याच विद्यापीठात ओटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या निर्वासित शास्त्रज्ञांनी अणुबॉम्ब शक्य आहे हे दाखवणारं टिपण लिहिलं, आणि त्याच वर्षी तिथं रँडल आणि बूट यांनी रडारसाठी कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन तयार केला. इतकी भयंकर आणि इतकी उपयोगी, दोन्ही कामं एका शांत उपनगरात झाली.

पहिल्या महायुद्धानंतर मोठे बंगले परवडेनासे झाले. नोकर मिळेनात, मोटारी आल्या तसे श्रीमंत आणखी लांबच्या गावी गेले. ९९ वर्षांचे पट्टे एकामागून एक संपू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर इस्टेटीनं वास्तुकार जॉन मॅडिन यांच्याकडून नवा आराखडा करून घेतला. फाइव्ह वेज आणि हॅगली रोडच्या बाजूला कचेऱ्यांचे उंच मनोरे, आत सदनिका आणि लहान घरं, आणि झाडं जमतील तेवढी जागच्या जागी. पेबल मिलला १९७१ मध्ये बीबीसीचा स्टुडिओ आला, २००४ मध्ये बंद झाला आणि पाडला गेला. त्या जागेवर आता सगळ्या शहराचं दंतरुग्णालय आहे. वाड्याभोवतीच्या जमिनीवर १९३६ पासून गोल्फ क्लब आहे आणि तिथला तलाव संरक्षित निसर्गस्थळ आहे. २०१७ पासून पार्लमेंटमध्ये एजबॅस्टन मतदारसंघाच्या प्रतिनिधी प्रीत कौर गिल आहेत. ब्रिटिश पार्लमेंटमधल्या त्या पहिल्या शीख महिला. ज्या गावच्या वाड्याची पुनर्बांधणी हिंदुस्थानच्या व्यापारातल्या पैशातून झाली, त्या गावच्या लोकांनी पंजाबी स्थलांतरितांच्या मुलीला निवडून दिलं आहे, आणि मला त्यात मनापासून आनंद वाटतो.

जमिनीच्या मालकीला खरा धक्का बसला तो १९६७ च्या कायद्यानं. दीर्घ पट्ट्यावर राहणाऱ्या घरमालकांना आपल्या घराखालची जमीन विकत घ्यायचा हक्क त्या कायद्यानं दिला. दोनशे वर्षं जे हत्यार वापरून इस्टेटीनं हे उपनगर घडवलं तेच तिच्या हातून जाणार होतं. पण कायद्यात एक कलम होतं: जिथं संपूर्ण परिसराचं रूप एकसंध राखायचं आहे तिथं जमीनदाराला व्यवस्थापन योजना मागता येईल. कॅल्थॉर्प इस्टेटीनं ती मागितली आणि मिळवली. त्यामुळे आजही एजबॅस्टनमध्ये स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरचं स्वतःचं घर बाहेरून बदलायचं असेल, तर माणूस नगरपालिकेची परवानगी घेतो आणि इस्टेटीच्या कचेरीतही अर्ज देतो.